नवतपा म्हणजे काय? रोहिणीतील नऊ तप्त दिवसांचा अर्थ आणि उगम

मे महिना संपत आला, की विदर्भ, मध्य प्रदेश, छत्तीसगड, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातील वृत्तपत्रांत एक शब्द हमखास दिसू लागतो. हिंदीत तो ‘नौतपा’ असतो, तर नागपूर-अमरावतीकडच्या मराठीत ‘नवतपा’. ‘उद्यापासून नवतपा’, ‘नवतपा तापला’, ‘यंदा नवतपा गळाला’ अशा मथळ्यांची विदर्भातील वाचकाला फोड करून सांगावी लागत नाही. मुंबई, पुणे वा कोल्हापूरच्या वाचकाला मात्र हा शब्द बहुधा परका वाटतो. पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात ‘वैशाख वणवा’ पुष्कळदा ऐकू येतो, पण नऊ दिवस मोजून उन्हाळ्याची परिसीमा ठरवण्याची रीत तेथे फारशी रुजलेली नाही.

सूर्य रोहिणी नक्षत्रात प्रवेश करतो त्या दिवसापासूनचे पहिले नऊ दिवस म्हणजे नवतपा. हा प्रवेश सध्या साधारणतः २५ मे रोजी होतो. त्यामुळे २५ मे ते २ जून हा काळ नवतप्याचा मानला जातो. सूर्य रोहिणीत एकूण सुमारे चौदा दिवस असतो आणि ७ किंवा ८ जूनला तो मृगात जातो. म्हणजे नवतपा संपल्यावर पाच-सहा दिवस उलटले, की मृग लागतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे अंतर महत्त्वाचे आहे, कारण उन्हाळ्याचा शेवट आणि पेरणीचा आरंभ या दोन्हींच्या मध्ये हे नऊ दिवस उभे असतात.

शब्दाची फोड

‘नव’ म्हणजे नऊ आणि ‘तपा’ हे ‘तपणे’ या क्रियापदावरून आलेले रूप. मूळ संस्कृत धातू ‘तप्’, म्हणजे तापणे, तापवणे, आणि त्याच अर्थातून पुढे कष्ट सोसणे. ताप, तपन, तप्त, संताप, तपश्चर्या हे सारे शब्द त्याच कुळातले. ‘नव’ म्हणजे ‘नवे’ असा अर्थ लावून ‘नव्याने तापणारे दिवस’ अशी उकल कोणी कोणी करतात. हिंदीतील ‘नौ’ हे रूप पाहिले, की ती टिकत नाही.

‘तप’ या शब्दाची एक गंमत येथे नोंदवण्याजोगी आहे. यजुर्वेदात बारा महिन्यांची जी जुनी नावे आली आहेत, त्यांत ‘तपस्’ आणि ‘तपस्य’ अशीही दोन नावे आहेत. ती उन्हाळ्याची असतील असे कोणालाही वाटेल, पण ती आहेत शिशिराची, म्हणजे माघ-फाल्गुनाची. ग्रीष्माच्या दोन महिन्यांना तेथे ‘शुक्र’ आणि ‘शुचि’ म्हटले आहे. दोन्ही शब्दांत तळपण्याचा, झळाळण्याचा भाव आहे.

तपाचा आणि उन्हाळ्याचा प्रत्यक्ष संबंध वानप्रस्थाच्या आचारात दिसतो. चार बाजूंना चार अग्नी आणि माथ्यावर पाचवा सूर्य, असे पंचाग्निसाधन ग्रीष्मात करावे, असे मनुस्मृतीत सांगितले आहे. कालिदासाने ‘कुमारसंभवा’च्या पाचव्या सर्गात पार्वतीला हेच तप करताना दाखवले आहे. उत्तर व मध्य भारतातील काही साधू आजही ऐन उन्हात धुनी पेटवून बसतात. त्यामुळे नवतपा या शब्दाच्या कानावर पडणाऱ्या नादात निव्वळ उष्णता नाही, सोसण्याचीही छटा आहे. ऊन ही टाळण्याची गोष्ट नसून पार पाडण्याची गोष्ट आहे, असे या शब्दाने जणू गृहीतच धरले आहे.

रोहिणीच का?

रोहिणी हा वृषभ राशीतील ठळक तारा. त्याचा रंग नारिंगी-तांबूस असल्याने ‘रोहित’ म्हणजे तांबडा या शब्दावरून त्याला हे नाव मिळाले. तो सूर्याहून कितीतरी मोठा असून आपल्यापासून सुमारे ६५ प्रकाशवर्षे दूर आहे. पुराणकथेत रोहिणी ही चंद्राची सर्वांत लाडकी पत्नी. नवतप्याच्या दिवसांत मात्र हा तारा कोणालाच दिसत नाही, कारण सूर्य त्याच्या अगदी जवळ असतो. मेच्या अखेरीस तर दोघे जवळजवळ एकाच रेषेत येतात. म्हणजे नवतपा लागला हे आकाशाकडे पाहून कळत नाही. ते पंचांग सांगते.

लोकसमजुतीत या युतीला एका रूपकाचा आधार आहे. सूर्याच्या तापाने रोहिणीच्या उदरात पावसाचा गर्भ वाढतो आणि नऊ दिवस कडक गेले तर तो पक्व होतो. मध्येच पाऊस पडला, तर रोहिणी ‘गळाली’, गर्भ वाया गेला, आणि पुढचा पावसाळा उणा जाणार, असे मानतात. मेघांना गर्भ राहतो ही कल्पना फार जुनी आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त तिच्यावर स्वतंत्र अध्याय लिहिला असून, गर्भ राहिल्यापासून १९५ दिवसांनी त्याचा पाऊस पडतो असा हिशेब दिला आहे. त्याच ग्रंथात ‘रोहिणीयोग’ नावाचाही अध्याय आहे. पण तेथे विचार चंद्राचा आहे. आषाढाच्या कृष्ण पक्षात चंद्र रोहिणीत येतो, तेव्हाच्या वाऱ्यावरून आणि ढगांवरून पावसाचे अनुमान कसे काढावे, हे त्यात सांगितले आहे. सूर्याच्या नऊ दिवसांचा नवतपा त्या अध्यायात नाही.

पंचांगकर्त्यांमध्ये चंद्रावरून मोजण्याचा आणखी एक नियम प्रचलित आहे. ज्येष्ठाच्या शुक्ल पक्षात चंद्र आर्द्रेपासून स्वातीपर्यंतच्या दहा नक्षत्रांतून जातो. त्यांतील ज्या नक्षत्राच्या दिवशी पाऊस पडेल, त्या नक्षत्रात पुढे सूर्य आल्यावर पाऊस दडी मारील. जो दिवस कोरडा जाईल, त्या नक्षत्रात मात्र पाऊस चांगला होईल. ‘आता कोरडे तर पुढे ओले’ हे नवतप्यामागचे उलटे गणित या नियमात अगदी उघड दिसते. अडचण एवढीच, की चांद्रमास दरवर्षी मागेपुढे सरकतो. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक असल्याने निज ज्येष्ठाचा शुक्ल पक्ष जूनच्या मध्यानंतर येतो, तर रोहिणीचा नवतपा नेहमीप्रमाणे २५ मेच्या सुमारासच. एकाच नावाखाली दोन वेगळ्या गणना वावरत असल्या, तर ‘नवतपा खरा ठरला’ हे म्हणणे किती सोयीचे होते, हे सांगायला नको.

एकच ऊन, नावे अनेक

तेलुगू भाषकांत याच काळाला ‘रोहिणी कार्ते’ म्हणतात. रोहिणी कार्तेत दगडी उखळेही तडकतात, अशी तेथील म्हण सर्वतोमुखी आहे. गडचिरोली, नांदेडच्या सीमाभागात राहणाऱ्या मराठी माणसांच्याही कानावर ती पडत असते. तमिळनाडूत ‘अग्नि नक्षत्रम्’ किंवा ‘कत्तिरी’ची चर्चा असते. तो काळ ४ मेच्या सुमारास सुरू होऊन २८ मेच्या आसपास संपतो. अग्नी ही कृत्तिका नक्षत्राची देवता आहे, म्हणून हे नाव. सूर्य भरणीच्या तिसऱ्या चरणात आल्यापासून कृत्तिका ओलांडून रोहिणीच्या पहिल्या चरणापर्यंतचे दिवस त्यात मोजतात. त्या दिवसांत अनेक शिवमंदिरांत पिंडीवर थेंबथेंब पाण्याचे धारापात्र टांगले जाते.

तमिळनाडूचे उन्हाळी दिवस विदर्भाच्या आधी का येतात, याचे उत्तर सूर्याच्या प्रवासात आहे. सूर्य दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत असतो, त्यामुळे माथ्यावरचे ऊन आधी दक्षिणेला मिळते, मग आपल्याकडे. परंपरेने निवडलेली नक्षत्रेही त्याच क्रमाने आहेत, तिकडे कृत्तिका आणि इकडे रोहिणी.

राजस्थानातील लोकोक्ती सर्वांत तपशीलवार आहे. तिने या दिवसांच्या दोन-दोनच्या जोड्या केल्या आहेत. पहिल्या दोन दिवसांत लू वाहिली नाही तर उंदीर माजतात, पुढच्या दोन दिवसांत वाहिली नाही तर पीक कुरतडणाऱ्या अळ्या, त्यापुढे टोळ, मग ताप, मग साप, मग वावटळी. अशा जोड्या मोजत गेले तर नवाचा आकडा ओलांडला जातो, पण लोकोक्तीला त्याचे सोयरसुतक नाही. तिचे तर्कशास्त्र पाहण्यासारखे आहे. पाऊस किती पडेल यापेक्षा, कडक उन्हाने जमिनीतील अंडी, कोष आणि बिळांतले जीव मरतात, यावर तिचा भर आहे. शेतीशास्त्राला हे मान्य होण्यासारखे आहे. उन्हाळी नांगरट करून जमीन तापू द्यावी, म्हणजे किडींचे कोष आणि तणांची मुळे उघडी पडून नष्ट होतात, असा सल्ला कृषी विद्यापीठेही देतात. नवतप्याच्या साऱ्या भाकितांत हा भाग सर्वांत भक्कम म्हणावा लागेल.

महाराष्ट्राच्या किनारपट्टीला मात्र हे नऊ दिवस वेगळ्या तऱ्हेने भोगावे लागतात. रत्नागिरी वा अलिबागमध्ये पारा सहसा ३४-३५ अंशांच्या पुढे जात नाही. पण हवा बाष्पाने जड झालेली असते, घाम वाळत नाही आणि अंग चिकचिकत राहते. मराठीने हा भेद शब्दांतून नीट जपला आहे. कोकणात ‘उकाडा’ होतो, जीवाची ‘तलखी’ होते. वऱ्हाडात ‘झळा’ लागतात, रान ‘रखरखते’, अंगाची ‘काहिली’ होते. यांतील एक शब्द दुसऱ्याच्या जागी घातला, तर त्या त्या प्रांतातील वाचकाला तो तत्काळ खटकतो.

सूर्य जवळ येतो का?

नवतप्याचे ‘वैज्ञानिक कारण’ म्हणून एक विधान दरवर्षी फिरते. या नऊ दिवसांत सूर्य पृथ्वीच्या सर्वांत जवळ येतो, म्हणून उष्णता वाढते, असे त्यात सांगितलेले असते. हे चुकीचे आहे. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, आपल्याकडे थंडी असताना. तेव्हा अंतर सुमारे १४.७ कोटी किलोमीटर असते. सर्वांत दूर असते ती जुलैच्या आरंभी, सुमारे १५.२ कोटी किलोमीटरवर. नवतप्यात पृथ्वी सूर्यापासून दूर-दूरच जात असते.

खरे कारण अंतर नसून कोन हे आहे. सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर आला, की उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाशीच लोपते. याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात. तो पुण्यात १३ मेच्या सुमारास येतो, मुंबईत १५ मेच्या सुमारास, चंद्रपूरला २० मेच्या आसपास आणि नागपुरात २६ मेच्या सुमारास. २५ मे ते २ जून या काळात सूर्य साधारण २१ ते २२ अंश उत्तर अक्षांशांच्या पट्ट्यावर मध्यान्ही माथ्यावर असतो. अमरावती, नागपूर, भंडारा, गोंदिया, रायपूर, बैतूल, छिंदवाडा ही सारी ठिकाणे त्या पट्ट्यात किंवा त्याच्या अगदी काठावर आहेत. नवतपा हा शब्द जेथे सर्वाधिक रुजला, त्या प्रदेशाचा हा जवळजवळ नकाशाच आहे. समुद्रापासूनचे अंतर, निरभ्र आकाश, वायव्येकडून येणारे कोरडे वारे, पिके निघाल्यावर उघडी पडलेली काळी जमीन आणि सव्वातेरा तासांच्या आसपासचा दिवस यांची त्यात भर पडते. मुंबईवर सूर्य याच्या दहा-अकरा दिवस आधीच डोक्यावरून गेलेला असतो, आणि मान्सूनपूर्व ढग तेथे दिसू लागलेले असतात. नवतपा हा शब्द तेथे का वाढला नाही, याचे निदान एक कारण यात सापडते.

म्हणून वर्णन म्हणून नवतपा खरा आहे. अर्थात तो काटेकोर नाही. भारतातील अधिकृत नोंदींमधील सर्वोच्च तापमान, ५१ अंश सेल्सिअस, राजस्थानातील फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी नोंदले गेले, म्हणजे नवतपा लागण्याच्या सहा दिवस आधी. चुरू येथील ५०.८ अंशांचा दिवस १ जून २०१९ हा होता, म्हणजे ऐन नवतप्यातला. उन्हाळ्याची धार मेच्या उत्तरार्धात कधीही चढते. नेमके नऊ दिवस तिने पाळावेत, असे तिच्यावर बंधन नाही.

पाश्चात्त्य जगात याच जातीची एक उक्ती आहे, ‘श्वानदिन’. व्याधाचा तारा पहाटे पूर्वेला पुन्हा दिसू लागला, की ऊन भडकते, असे ग्रीक व रोमन लोक मानत. तो तारा त्यांच्या लेखी कुत्र्याचा, म्हणून हे नाव. तेथे जुलै-ऑगस्ट हा कडक उन्हाळ्याचा काळ. आपल्याकडे जूनमध्ये मान्सूनचे ढग येऊन ऊन अडवतात, त्यामुळे भारताचा उन्हाळा सूर्य सर्वांत उत्तरेला पोहोचण्याआधीच शिखर गाठून मोकळा होतो. आणखी एक फरक असा, की ग्रीकांचा तारा डोळ्यांना दिसत असे, आपली रोहिणी त्या दिवसांत लपलेली असते.

तारा सरकतो, ऋतू नाही

भारतीय पंचांग निरयन आहे, म्हणजे ते सूर्याचे स्थान ताऱ्यांच्या संदर्भात मोजते. ऋतू मात्र ताऱ्यांवर अवलंबून नसतात. ते पृथ्वीच्या अक्षाच्या कलण्यावर ठरतात, आणि तो अक्ष स्वतः भोवऱ्यासारखा अतिशय सावकाश डोलतो आहे. परिणामी सूर्याचा नक्षत्रप्रवेश दर सुमारे ७२ वर्षांनी एक दिवस पुढे सरकतो.

एका आयुष्यात हे जाणवत नाही. शतकांच्या हिशेबात मात्र ते मोठे आहे. आजच्या दिनदर्शिकेच्या भाषेत बोलायचे, तर वराहमिहिराच्या काळी सूर्य रोहिणीत येत असे मेच्या पहिल्या आठवड्यात. ज्ञानेश्वरांच्या काळी तो मेच्या मध्यावर येत असे, आणि तेव्हाच्या त्या नऊ दिवसांत सूर्य मध्यान्ही पैठणच्या आसपास माथ्यावर असे. ‘रोहिणीचे ऊन आणि पाठोपाठ पाऊस’ हे जे समीकरण आज इतके चपखल वाटते, ते दीड हजार वर्षांपूर्वी इतके जुळत नव्हते. नवतप्याच्या आजच्या रूपाला ‘वैदिक काळापासूनची परंपरा’ म्हणणाऱ्यांनी हा हिशेब लक्षात घ्यायला हवा. अजून हजार वर्षांनी नवतपा ८ जूनच्या पुढे लागेल आणि मृग २२ जूनच्या सुमारास. तोवर मान्सूनच्या तारखा आजच्याच राहिल्या, तर विदर्भातील नवतप्यात बहुतेक वर्षी पाऊसच पडत असेल.

भाकीत किती खरे?

नवतपा तापला तर पाऊसकाळ चांगला, हे विधान वरवर पाहता विज्ञानाला धरून वाटते. उन्हाळ्यात भूभाग तापतो, वायव्य भारतावर आणि पाकिस्तानावर हवेच्या कमी दाबाचे क्षेत्र तयार होते आणि समुद्राकडील बाष्पयुक्त वारे जमिनीकडे ओढले जातात. एवढे खरे. पण मान्सूनचे मान मध्य भारतातील नऊ दिवसांच्या पाऱ्यावर ठरत नाही. प्रशांत महासागरातील एल निनो, हिंदी महासागराच्या पूर्व-पश्चिम भागांतील तापमानाचा फरक, मस्करीन बेटांजवळचा हवेचा जास्त दाब, युरोप व आशियातील हिमाच्छादन अशा अनेक दूरच्या घटकांचा त्यात वाटा असतो. हवामान विभागाचे हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८८६ मध्ये हिमालयातील बर्फावरून हंगामी अंदाज देण्यास प्रारंभ केला, तेव्हापासून हा शोध चालू आहे.

नजीकची तीन वर्षे तपासली, तरी पुरे. २०१५ च्या मे महिन्याच्या उत्तरार्धात आंध्र प्रदेश व तेलंगणात भीषण उष्णतेची लाट आली. ऐन रोहिणी कार्तेत उन्हाने कहर केला आणि देशभरातील मृतांची संख्या दोन हजारांवर गेली. त्या वर्षी देशातील मान्सूनचा पाऊस सरासरीपेक्षा १४ टक्के कमी पडला, आणि मराठवाडा दुष्काळात होरपळला. २०२४ चा नवतपाही कडक होता. २८ मे रोजी चुरूत ५०.५ अंशांची नोंद झाली. (त्याच आठवड्यात नागपुरातील एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले. ती संवेदकातील बिघाडाची करामत होती, असे हवामान विभागाने स्पष्ट केले. आकडा मात्र अजूनही अधूनमधून फिरताना दिसतो.) त्या वर्षी पाऊस सरासरीच्या १०८ टक्के झाला. लोकोक्तीच्या समर्थकांना हे वर्ष सोयीचे.

पण लगेच पुढचे वर्ष २०२५. मान्सून २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत दाखल झाला. मुंबईसाठी हे अनेक दशकांतील सर्वांत लवकरचे आगमन होते. महाराष्ट्राच्या मोठ्या भागात नवतपा चक्क भिजला. समजुतीप्रमाणे रोहिणी पूर्ण गळाली होती आणि पावसाळा कोरडा जायला हवा होता. प्रत्यक्षात देशाचा हंगामी पाऊस पुन्हा १०८ टक्केच भरला, आणि सप्टेंबरात मराठवाड्यात महापुराने उभी पिके वाहून गेली. एक नवतपा भाजून काढणारा, दुसरा भिजवून टाकणारा, आणि हंगामाची टक्केवारी एकच.

लोकपरंपरा स्वतःही या बाबतीत एकमुखी नाही, हे फारसे सांगितले जात नाही. उत्तर भारतात घाघाच्या नावावर असलेल्या एका प्रसिद्ध उक्तीचा आशय असा : रोहिणीत पाऊस पडला, मृग तापला आणि आर्द्रेत थोडा शिडकावा झाला, तर भात इतका पिकेल, की कुत्रीही त्याला तोंड लावणार नाहीत. म्हणजे ज्या हिंदी पट्ट्यात रोहिणीचा पाऊस अपशकुन मानला जातो, तेथेच तो समृद्धीची खूणही ठरतो. भाताच्या प्रदेशाला रोपवाटिकेसाठी लवकर ओल हवी असते, कोरडवाहूच्या प्रदेशाला रान तापलेले हवे असते. दोघांनी आपापल्या गरजेचे भाकीत केले. कोकणातील शेतकरी तर नवतप्याची चिंता न करता रोहिणीतच धूळवाफेवर भाताचे बी टाकतो आणि पहिल्या सरीची वाट पाहतो.

पेरणी आणि माणसे

हा वाद केवळ शब्दांचा राहत नाही, तो खिशापर्यंत येतो. २०२५ मध्ये मे महिन्यातच पाऊस आल्यावर पेरणीची घाई करू नये, असे कृषी विभागाला वारंवार सांगावे लागले. मेअखेरीनंतर मान्सूनची वाटचाल जवळपास दोन आठवडे थबकली. अशा खंडात उगवलेले सोयाबीन व कापूस करपतात, आणि दुबार पेरणीसाठी बियाण्याचा खर्च पुन्हा करावा लागतो. लवकरचे आगमन म्हणजे भरघोस हंगाम नव्हे, याचा धडा २००९ ने दिलाच होता. त्या वर्षी मान्सून २३ मे रोजीच केरळात पोहोचला आणि हंगाम २२ टक्के तुटीने संपला. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल गेल्याशिवाय कोरडवाहू पेरणी करू नये, हा कृषितज्ज्ञांचा निकष नवतपा कसा गेला यावर अवलंबून नाही. नवतपा कोरडा गेला, आता पाऊस नक्की, म्हणून मृगाच्या पहिल्या सरीवर बी टाकणे जितके धोक्याचे, तितकेच नवतपा भिजला म्हणून हंगामाची आशा सोडणेही.

दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. नवतपा तापलाच पाहिजे, तो तापणे शुभच, या भावनेत उन्हाच्या धोक्याकडे दुर्लक्ष होते. हे नऊ दिवस कुलरसमोर घालवणाऱ्यासाठी ती भावना निरुपद्रवी आहे. तेंदूपत्ता वेचणारे, वीटभट्टीवरचे मजूर, रस्त्यांची कामे करणारे, बाजारात हातगाडीवर उभे राहणारे यांना मात्र ते नऊ दिवस अंगावर घ्यावे लागतात. हवामान विभाग मैदानी भागात पारा ४० अंश, किनारपट्टीवर ३७ अंश आणि डोंगराळ भागात ३० अंश ओलांडून सरासरीपेक्षा किमान साडेचार अंश वर गेला, की उष्णतेची लाट जाहीर करतो. मैदानी भागात ४५ अंश गाठले, तर सरासरी न पाहताच ती जाहीर होते. नवतपा हा शब्द त्या निकषांत कोठेही नाही.

अहमदाबादेत मे २०१० मधील लाटेच्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाल्याचे नंतरच्या अभ्यासातून पुढे आले. त्यानंतर त्या शहराने २०१३ मध्ये दक्षिण आशियातील पहिली उष्णता कृती योजना आखली. नागपूरने २०१६ मध्ये शेजारच्या शहरांना बरोबर घेऊन तशी योजना केली. दुपारी बारा ते तीन कामे थांबवणे, पाणपोया व उद्याने खुली ठेवणे, रुग्णालयांत थंड कक्ष राखून ठेवणे, आगाऊ इशारे देणे असे साधे उपाय त्यांत आहेत.

विदर्भातील घराघरांत याचीच जुनी आवृत्ती पाहायला मिळते. डोक्याला बांधलेला पांढरा दुपट्टा, कैरीचे पन्हे, आंबील, ताक, खिडकीला वाळ्याचा ओला पडदा, खिशात कांदा. कांदा खिशात ठेवल्याने ऊन लागत नाही, याला आधार नाही. तोच जेवणात ताकाबरोबर खाल्ला, तर निदान पाणी आणि क्षार पोटात जातात. ऊन लागल्याची खूण म्हणजे अंग भाजल्यासारखे तापणे आणि बोलण्यात भ्रम येणे, पुष्कळदा त्याबरोबर घाम थांबणे. अशा वेळी रुग्णाला सावलीत नेऊन अंगावर गार पाणी ओतत, वारा घालत तत्काळ दवाखान्यात हलवावे लागते. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात पाणी घालायचे नसते. शरीराचे तापमान ४० अंशांपुढे गेल्यावर उपचाराला होणारा प्रत्येक मिनिटाचा उशीर मेंदूवर आणि मूत्रपिंडांवर आघात करतो.